‘काही झालंच नाही’ म्हणू नका : मिनी स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने

रविवारची सकाळ होती. पावणेनऊच्या सुमाराला मी ताटल्यांत पोहे वाढत होते आणि लेकीला ‘जीरावन दे’ (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. शब्द डोक्यात स्वच्छ दिसत होता, जिभेवर येत नव्हता. मग उजव्या हातातला डाव सुटला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. ह्यांनी मला खुर्चीत बसवून लिंबू-साखरेचं पाणी पाजलं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बारा-पंधरा मिनिटांत बोलणं परत आलं, हातही आला. ‘गेलं बघ, काही झालंच नाही,’ असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले, आणि आम्ही गार झालेले पोहे खाल्ले. रुग्णालयात पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, तेही लेकीने हट्ट धरला म्हणून.

माझं वय ५४. इंदूरला सुदामा नगरात राहते, शाळेत गणित शिकवते. मी डॉक्टर नाही, आणि या लेखातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा मोठं नाही. पण घरी परत आल्यावर काय करायचं, कुठला कागद जपायचा, कुठली गोळी कधी बंद होते, मिठाचं काय, शाळेत कधी जायचं, हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत कळलं, काही उशिरा कळलं. तुमच्या घरी नुकतंच कुणाला ‘मिनी स्ट्रोक असावा’ असं सांगितलं गेलं असेल, तर तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडक्यात, हे असतं काय. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त नेणारी नस गुठळीने थोडा वेळ बंद होते आणि मग आपोआप मोकळी होते. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. नस मोकळी झाली नाही तर तोच पूर्ण झटका, ज्याला आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो. कारण दोन्हीचं एकच. म्हणून लक्षणं गेली तरी कारण जागेवरच असतं. जुन्या पाहण्यांत असं दिसलं होतं की टीआयएनंतर तीन महिन्यांत साधारण दहातल्या एकाला पूर्ण झटका येतो आणि त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या दोन दिवसांतच येतात. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्सफर्डमधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तातडीने तपासणी करून लगेच औषधं सुरू केली तेव्हा तीन महिन्यांतलं झटक्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

१. लक्षणं आत्ता असतील, किंवा एक-दोन दिवसांत येऊन गेली असतील, तर आधी निघा

चेहरा एका बाजूला ओघळणं, एका हातात किंवा पायात अचानक बळ न राहणं किंवा बधिरपणा येणं, बोलणं अडखळणं किंवा दुसऱ्याचं बोलणं न कळणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं. यातलं एकही अचानक झालं तर १०८ ला फोन करा. लागला नाही तर ११२. गाडी दारात असेल आणि कुणी चालवणारं असेल तर वाट बघू नका. लक्षणं असलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही.

आमच्या हातून झालेल्या चुका सांगते, कारण बहुतेक घरांत पहिल्यांदा हेच सुचतं. पाणी पाजणं : झटक्यात गिळण्याची ताकद जाऊ शकते आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. म्हणून तोंडावाटे काहीही नको, औषधही नको. मनाने ॲस्पिरिन देणं : झटका गुठळीचा आहे की मेंदूत रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरते. झोपवून ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणणं : गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठी नस बंद पडलेली असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. माझी नस आपोआप मोकळी झाली. ती झाली नसती तर दुपारी अडीचला माझ्यासाठी ते इंजेक्शन उरलं नसतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

२. रुग्णालय आजच ठरवून ठेवा

जवळचं प्रत्येक रुग्णालय या कामाचं नसतं. शांत वेळी दोन-तीन ठिकाणी फोन करून चार प्रश्न विचारा : सीटी स्कॅन रात्रीसुद्धा होतो का, मेंदूविकार तज्ज्ञ बोलावल्यावर किती वेळात येतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात का, आयुष्मान किंवा तुमचा विमा चालतो का. सरकारी रुग्णालय हवं असेल तर इंदूरला एम. वाय., म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या घरी दारामागे एक कागद चिकटवलाय. ठरवलेल्या दोन रुग्णालयांची नावं आणि फोन, १०८, माझ्या गोळ्यांची यादी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहा’. सासूबाईंना वाचता येईल एवढं अक्षर मोठं ठेवलंय, कारण दुपारी घरी त्याच असतात.

३. जे घडलं ते त्याच दिवशी लिहून काढा

टीआयएचं निदान बहुतांशी तुमच्या सांगण्यावरच होतं. डॉक्टर बघतात तेव्हा हात हलत असतो, जीभ वळत असते. त्यांच्यासमोर एक धडधाकट माणूस बसलेलं असतं आणि घाबरलेल्या घरच्यांपैकी प्रत्येकजण वेगळी गोष्ट सांगत असतो. ह्यांनी सांगितलं ‘चक्कर आली’. मला चक्कर आलीच नव्हती. चक्कर, अर्धशिशी, फिट, साखर उतरणं, यातही अशीच लक्षणं येऊ शकतात, म्हणून एक चुकीचा शब्द तपासणीला दुसऱ्याच वाटेने नेतो.

कागदावर हे लिहा : शेवटचं व्यवस्थित कधी होतात (सुरुवात कधी झाली ते कळलं नसेल, तर हीच वेळ धरतात), पहिलं काय बिघडलं, कुठल्या बाजूचं, एकदम की हळूहळू, किती मिनिटं टिकलं, डोकं दुखत होतं का, आधी असं कधी झालं होतं का. शेजारी कुणी असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करू द्या. त्या वेळी ते निर्दय वाटतं, पण डॉक्टरांना ते दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

एका पिशवीत बरोबर नेण्याच्या गोष्टी :

- आधार कार्ड, आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड
- आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्याही
- जुने ईसीजी, रक्ताचे अहवाल, आधीच्या भरतीचे कागद
- वर सांगितलेला घटनेचा कागद
- चष्मा, मोबाइलचा चार्जर, थोडी रोकड

आयुष्मान कार्ड अजून काढलं नसेल तर आपल्या मध्य प्रदेशात समग्र आयडी लागतो. त्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, हे आधी बघा. सासूबाईंच्या कार्डात आडनावाच्या एका काना-मात्रेवरून आमच्या तीन फेऱ्या झाल्या. घरात ७० किंवा त्यापुढचं कुणी असेल तर त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. खाजगी विमा असेल तर दोन गोष्टी. बऱ्याच पॉलिसींत २४ तास भरती असल्याशिवाय दावा मंजूर होत नाही, म्हणून नियम आधी विचारून घ्या. आणि डिस्चार्जच्या कागदावर निदान स्पष्ट लिहून घ्या. पुढे नवी पॉलिसी घेताना हे लपवू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळीच बाहेर येते.

४. तपासण्या, आणि ‘एमआरआय स्वच्छ आहे’ याचा अर्थ

सीटी रक्तस्राव नाही ना हे बघायला. एमआरआय मेंदूला इजा झाली का ते बघायला. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, कारण तिथे चरबीचा थर साचून गुठळ्या सुटतात. नस खूप अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रिया सुचवतात आणि तिचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त, म्हणून डॉप्लर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून टाळू नका. ईसीजी आणि टूडी एको हृदयासाठी. रक्तात साखर, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचं काम.

होल्टरबद्दल थोडं जास्त सांगते. छातीला तारा चिकटवून एक-दोन दिवस हृदयाचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र असतं. काहींचं हृदय मधूनमधून अनियमित धडधडतं, आत गुठळी बनते आणि ती मेंदूत जाते. साध्या ईसीजीत ते पकडलं जाईलच असं नाही, कारण त्या क्षणी ठोके नीट असू शकतात. हे कारण निघालं तर औषधच बदलतं : ॲस्पिरिन पुरत नाही, रक्त गोठू न देणारी वेगळी गोळी लागते. डॉक्टरांनी होल्टर सांगितलं नसेल तर ‘मला लागेल का?’ एवढं विचारा.

माझा एमआरआय स्वच्छ आला. सगळ्यांनी हुश्श केलं. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, ‘आई, म्हणजे काही झालंच नव्हतं ना?’ मलाही तेच हवं होतं. मग आमच्या मेंदूविकार तज्ज्ञ बाईंनी समजावलं : अशी लक्षणं येऊन गेलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांच्याच एमआरआयमध्ये ताजी खूण दिसते, बाकीच्यांचा स्वच्छ असतो. स्वच्छ एमआरआय सांगतो की मेंदूला कायमची इजा झालेली दिसत नाही. नस बंद पडलीच नव्हती, असं तो सांगत नाही. या दोन वाक्यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. पुढची सगळी ढिलाई याच गैरसमजातून येते : गोळ्या सोडणं, पुन्हा लोणच्याकडे वळणं, ‘एवढं काय घेऊन बसलीस’.

५. गोळ्या : तारखा लिहा

टीआयएनंतर बऱ्याच जणांना पहिले २१ दिवस रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि मग त्यातली एकच पुढे चालू राहते. किती दिवस ते तुमचे डॉक्टर ठरवतील. इथे दोन उलटसुलट चुका होतात. काहीजण २१ दिवस झाले म्हणून दोन्ही बंद करतात. काहीजण मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून दोन्ही महिनोन्महिने घेत राहतात आणि मग हिरड्यांतून, पोटातून रक्त जायला लागतं. मी पट्टीवरच पेनाने लिहिलं होतं : ‘ही या तारखेपर्यंत’, ‘ही चालूच’.

तिसरी गोळी कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन. ‘माझं कोलेस्टेरॉल तर ठीक आहे’ म्हणून ती सोडू नका. एकदा टीआयए झाल्यावर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साधारण ७० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. अहवालावर छापलेली मर्यादा निरोगी माणसाची असते. स्टॅटिनने स्नायू दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा, प्रमाण किंवा गोळी बदलता येते.

आणखी काही सापळे. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत असाल आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला गोळ्यांची यादी दाखवा, पण मेंदूविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. लकव्याची पुडी, काढा, कुणाच्या गावचं औषध : नातेवाईक प्रेमाने आणून देतात. मी ते प्रेमाने घेतलं आणि कपाटात ठेवलं. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

उपास. आमच्याकडे चतुर्थी, एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस असतात. उपासाला गोळी चुकवणं हा मराठी घरांतला मोठा सापळा आहे. सासूबाईंनीच माझा प्रश्न सोडवला : ‘औषधाने उपास मोडत नाही, देवाला कळतं.’ साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांशी बोला, तिथे उपाशी राहणंच धोक्याचं असतं.

खर्च जड होत असेल तर चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. आमचा महिन्याचा खर्च तिथे बराच खाली आला.

६. रक्तदाब घरी मोजायला शिका

झटक्याच्या कारणांत सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब. त्या दिवशी माझा १५८/९६ होता आणि मला त्याआधी कधी काही जाणवलं नव्हतं. डोकं दुखलं नाही म्हणजे बीपी ठीक, ही समजूत सोडून द्या.

दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा तुमच्या दंडाला बेताचा हवा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. चहा, चालणं, तंबाखू यानंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न ठेवता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. मोजताना बोलू नका. पहिल्या आठवड्यात लेक शेजारी बसून गप्पा मारायची आणि आकडा दहाने वर जायचा.

बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि दिवसातून आठ वेळा मोजू नका. मी मोजत होते. भीतीने वाढलेला आकडा बघून आणखी भीती वाटते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस.

७. स्वयंपाकघर : मिठाचा हिशेब

हा टप्पा सविस्तर, कारण बाकी सगळं डॉक्टर लिहून देतात. ‘मीठ कमी करा’ या तीन शब्दांचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, सगळं मिळून. मी गणित शिकवते, म्हणून हिशेब मांडला. आम्ही घरात चौघं : दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस तरी पुरायला हवी. आमची महिन्याच्या आत संपत होती आणि त्यात शेव, पापड, लोणचं, बाहेरचं खाणं धरलेलंच नव्हतं. तुम्हीही पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. हे मोजमाप कुठल्याही सल्ल्यापेक्षा खरं बोलतं.

आता इंदूरबद्दल. आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं, बडीशेप घातलेली. पोह्यांत दोष फारसा नाही. दोष वरच्या थरात आहे : शेव, जीरावन आणि शेजारची जिलबी. जीरावनात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं आणि आपण ते मसाला समजून मुठीने घालतो. मी आता घरी जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर भाजून-कुटून बिनमिठाचं करते आणि वर डाळिंबाचे दाणे, कांदा, मोडाचे मूग, भरपूर लिंबू घालते. लिंबू आणि आमचूर जीभ मिठावरून वळवतात. दोन-तीन आठवडे सगळं अळणी लागतं, मग जिभेला सवय होते. पहिल्या आठवड्यात हे चक्क उठून जीरावनाचा डबा शोधायचे. त्यांनाही बीपी आहे, त्यामुळे मी डबा पुन्हा आणलाच नाही.

लपलेलं मीठ : पापडातला पापडखार आणि ढोकळ्यातला खायचा सोडा, दोन्हींत सोडियमच असतं. लोणचं, सांडगी मिरची, तयार चटण्या, नूडल्सची पुडी, ब्रेड. सैंधव मीठ ‘चालतं’ अशी समजूत घरोघरी आहे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बाजारात ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं, विचारून घ्या.

एकाच घरात दोन स्वयंपाक करू नका. ‘आईचं वेगळं, बाकीच्यांचं नेहमीचं’ ही व्यवस्था आमच्याकडे नऊ दिवस टिकली. एकच आमटी करा, मीठ निम्मं, ज्याला हवं त्याने ताटात घ्यावं. आमच्याकडे हळूहळू कुणी घेईनासं झालं.

तेलासाठी एकच नियम केला : तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवायचं नाही. तळण आठवड्यातून एकदा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक बिनमिठाचं, मूठभर शेंगदाणे न खारवलेले. वॉर्फरिन नावाची रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण रोज सारखं ठेवायला सांगतात. बाकीच्यांना अशी अडचण नाही.

आणि सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार. इंदूरच्या माणसाला ‘सराफ्यात जाऊ नका’ म्हणणं म्हणजे घरात कोंडणं. आम्ही महिन्यातून एकदा जातो. भुट्टे का किस एक प्लेट दोघांत, गराडू दोन घास, शिकंजी नाही. रात्री अकराला नाही, बाजार मांडला जातो तेव्हाच जाऊन येतो. त्या दिवशी घरचं जेवण जवळजवळ बिनमिठाचं ठेवते.

८. चालणं, तंबाखू, झोप

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी दहा मिनिटांपासून सुरू केलं, गल्लीतच. मग सुट्टीच्या दिवशी मेघदूत बाग किंवा पिपल्यापाला. इंदूरच्या डिसेंबरात पहाटे पाचला बाहेर पडू नका, गारठ्यात नसा आकसतात आणि बीपी चढतं. ऊन आल्यावर निघा, खिशात नाव, आजार आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

तंबाखू, गुटखा, सिगारेट, मशेरी : इथे ‘कमी करणं’ नाही, बंदच. एकट्याने जमत नसेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे. दारूबद्दल डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याकडे लोक हसून बघतात. रात्री श्वास थांबतो, दिवसा डुलक्या लागतात, बीपी गोळ्यांना दाद देत नाही, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

९. भीती आणि थकवा

याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. शरीरात काहीच दिसत नाही आणि माणूस दुपारी चारला भिंतीला टेकून बसतो. पहिले सहा आठवडे मी वर्गात दोन तास घेतले की गळून जायचे. रात्री उठून आरशात तोंड बघायचे, दोन्ही हात वर करून मोजायचे. एखादं नाव पटकन आठवलं नाही की पोटात गोळा यायचा. टीआयएनंतर थकवा, चिंता, उदासपणा बऱ्याच जणांना येतो आणि त्यावर उपचार आहेत. दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

घरच्यांसाठी : आजारी माणसाला सतत ‘बरी आहेस ना?’ विचारू नका. हे ऑफिसातून दिवसाला सहा फोन करायचे. आम्ही ठरवलं, दुपारी एक वाजता मीच एक निरोप पाठवीन. आला नाही तर फोन. त्याने दोघांचाही जीव सुटला.

आणि ‘पण तुला तर काही झालंच नाही’ म्हणणाऱ्यांना एकच वाक्य तयार ठेवा. माझं असं : ‘नस बंद पडली होती, वेळेवर उघडली. आता ती उघडी ठेवण्याची औषधं चालू आहेत.’ भिशीत, लग्नात, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी एवढंच सांगते. वाद घालत नाही.

१०. काम आणि स्कूटर

कामावर जाण्याआधी लेखी चिठ्ठी घ्या आणि पहिला महिना हलका मागा. मी मुख्याध्यापकांना सांगून चौथ्या मजल्यावरचे तास खाली घेतले. एका सहकारी शिक्षिकेला लक्षणं आणि दारामागच्या कागदाचा फोटो देऊन ठेवलाय.

गाडीबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा, ते विसरतात. काही देशांत टीआयएनंतर महिनाभर गाडी चालवायला मनाई असते. मला महिना थांबायला सांगितलं आणि मी थांबले. स्कूटरवर असताना हात लुळा पडला तर पलासियाच्या चौकात फक्त माझाच जीव धोक्यात नसतो.

११. तीन महिन्यांची भेट

वही, नवे रक्ताचे अहवाल (कोलेस्टेरॉल आणि साखर आधीच करून न्या), एमआरआयची सीडी आणि लिहिलेले प्रश्न. तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं. मी हे विचारलं :

- कुठली गोळी किती काळ? कुठली आयुष्यभर?
- माझा बीपीचा आणि एलडीएलचा आकडा किती हवा, आत्ता किती आहे?
- कारण सापडलं का? नसेल तर आणखी कुठली तपासणी राहिली?
- प्रवास, दातांचं काम, मोतीबिंदू वगैरे आलं तर गोळ्यांचं काय?
- मला खरंच टीआयए झाला होता का?

शेवटचा प्रश्न विचारताना मला संकोच वाटत होता. बाईंनी माझा पहिल्या दिवशीचा कागद फाइलमधून काढला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, ‘बोलणं आणि उजवा हात, दोन्ही एकदम, पंधरा मिनिटं, आणि बीपी एवढं वाढलेलं. शंभर टक्के कुणीच सांगणार नाही. मी झाला होता असंच धरून चालते, तुम्हीही तसंच धरा.’ मग त्यांनी चिठ्ठीवर दोन गोळ्या पुन्हा लिहिल्या, पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली, आणि येताना वही विसरू नका म्हणून सांगितलं.